शरीरभान आणि उपज : पाचगणीच्या पठारावर करायचा सराव

डोळे मिटूनही बोट नाकाच्या शेंड्याला बरोबर लागते. अंधारात जिना चढताना पाऊल नेमके पायरीवर पडते. स्नायूंमध्ये ताण मोजणारे सूक्ष्म तंतू असतात. ते, तसेच कंडरा आणि सांध्यांची आवरणे मेंदूला सतत खबर देत असतात. डोके कोणत्या बाजूला वळले आणि किती वेगाने वळले, हे आतल्या कानातील तीन अर्धवर्तुळाकार नलिका सांगतात. इंग्रज शरीरक्रियाशास्त्रज्ञ चार्ल्स शेरिंग्टन यांनी १९०६ मध्ये शरीराची ठेवण आतून कळण्याच्या या संवेदनेची स्वतंत्र मांडणी केली. नृत्याच्या वर्गात ज्याला शरीरभान म्हणतात, त्याचा पाया हाच. ते प्रत्येकाकडे असते, फक्त सवयीने बोथट झालेले असते. वर्षानुवर्षे एकाच पायावर भार टाकून उभे राहणाऱ्याला तसे उभे राहणेच सरळ वाटू लागते, आणि त्याचा मेंदू ती बातमी देणे सोडून देतो.

उत्स्फूर्त नृत्याशी याचा संबंध येतो तो इथेच. संगीत लावावे आणि मनाला येईल तसे नाचावे, म्हणजे उत्स्फूर्तता, असा सर्वसाधारण समज आहे. पण ‘मनाला येईल तसे’ जे येते ते बहुधा सवयीचेच असते. चित्रपटात पाहिलेला हात येतो, गणपतीच्या मिरवणुकीतला पाय येतो, शाळेच्या स्नेहसंमेलनात बसवून घेतलेली गिरकी येते. त्यात वाईट काही नाही, पण नवेही काही नाही. सवय ओळखता आली तरच ती बाजूला ठेवता येते, आणि ओळखायची तर अंगात काय चालले आहे ते कळायला हवे. म्हणून सरावाचा क्रम शरीरभान आधी आणि उपज, म्हणजे आयत्या वेळी सुचणारी हालचाल, नंतर असाच ठेवावा. उलट क्रमाने जाणारी शिबिरे पहिल्या दिवशी फार रंगतात आणि तिसऱ्या दिवशी तीच ती होतात.

अशा सरावासाठी पाचगणी सोयीची आहे. गाव समुद्रसपाटीपासून सुमारे तेराशे मीटर उंचीवर आहे. या उंचीवर हवेचा दाब मुंबईपेक्षा साधारण सातव्या हिश्श्याने कमी असतो. त्याने आजार होत नाही, पण मुंबईहून आलेल्या माणसाला पहिल्या दिवशी धाप थोडी लवकर लागते. ती दाबून न टाकता श्वासाकडे लक्ष देण्यासाठी वापरावी. पहिला दिवस झोपून आणि बसून करायच्या सरावाला द्यावा, उड्या दुसऱ्या दिवसापासून घ्याव्यात. थंडीच्या दिवसांत, म्हणजे नोव्हेंबर ते फेब्रुवारी, पहाटे अंग आखडलेले असते. त्या वेळी ताणाचे व्यायाम एकदम सुरू करू नयेत; आधी दहा-पंधरा मिनिटे चालून अंग गरम करून घ्यावे.

पाचगणीचे टेबल लँड हे पठार जांभ्या दगडाचे आहे. वरचा थर कठीण आणि खरबरीत, त्यावर सुटे खडे आणि लाल धूळ. अनवाणी चालण्याची हौस इथे पाच मिनिटांत फिटते. पण पातळ आणि लवचीक तळव्याचे बूट घातले तर तळपायाला जमिनीचा प्रत्येक चढ-उतार कळतो, आणि ते कळणे हाच इथला फायदा आहे. घोडे आणि पर्यटक यायच्या आधीची सकाळची वेळ गाठावी. एक नियम मात्र काटेकोर पाळावा : डोळे मिटून करायचा कोणताही सराव पठाराच्या कडेजवळ करू नये. कडा तुटलेल्या आहेत आणि खाली खोल दरी आहे. डोळे मिटलेल्या माणसाला आपण सरळ रेषेत चालतो आहोत असे वाटते आणि प्रत्यक्षात तो वळत जातो.

जमिनीवर झोपून करायचा सराव छताखालीच बरा. निवासी शाळांच्या आणि शिबिरकेंद्रांच्या सभागृहांत बहुतेक ठिकाणी फरशी असते, आणि थंडीत ती अंगातली ऊब ओढून घेते. खाली घोंगडी घालावी. घोंगडी सरकत नाही आणि टोचते थोडीशी. ते टोचणेही उपयोगी पडते, कारण पाठीचा कोणता भाग जमिनीला टेकला आहे ते त्याने चटकन कळते. फरशीवर किंवा सिमेंटवर उड्यांचा सराव टाळावा. लाकडी पट्ट्यांची, खालून पोकळी असलेली जमीन मिळाली तरच उड्या घ्याव्यात, नाहीतर गुडघे आणि नडग्या आठवड्याभरात बोलू लागतात.

सुरुवात उताणे झोपून करावी. गुडघे वाकवून तळवे जमिनीवर ठेवावेत, डोक्याखाली एखादे पुस्तक घ्यावे. डोक्याचा मागचा भाग, दोन्ही फरे, कंबरेखालचे सपाट हाड, तळवे अशा टेकलेल्या जागा एकेक करून मनात मोजाव्यात. डावा फरा आणि उजवा फरा सारखा टेकतो का, एवढेच पाहावे. तो सारखा करण्याचा प्रयत्न करू नये. नवशिक्याला हे फार जड जाते, कारण दोष दिसला की तो दुरुस्त करायला हात शिवशिवतात. दहा मिनिटांनंतर डोके अगदी सावकाश, एका अंगावरून दुसऱ्या अंगावर, जेमतेम दोन बोटे वळवावे.

हालचाल इतकी लहान का ठेवायची, यामागे कारण आहे. एकोणिसाव्या शतकात अर्न्स्ट वेबर या जर्मन शास्त्रज्ञाने दाखवून दिले की, फरक जाणवण्यासाठी तो मूळ भाराच्या विशिष्ट प्रमाणात असावा लागतो. पन्नास किलोच्या पोत्यावर लिंबू ठेवले तर हमालाला पत्ता लागत नाही. तेच रिकाम्या तळहातावर ठेवले की लगेच कळते. जोर कमी केला की बारीक फरक दिसू लागतात. ज्युदोपटू आणि अभियंता असलेल्या मोशे फेल्डेनक्राइस (१९०४–१९८४) यांनी आपली सगळी शिकवण्याची पद्धत या तत्त्वावर उभी केली. पुण्यात बी. के. एस. अय्यंगार यांनी पट्टा, लाकडी वीट, दोर आणि भिंत यांचा योगासनांत जो वापर केला, त्याने वेगळ्या वाटेने हेच साधते. टेकू मिळाला की स्नायूंना तोल सांभाळण्याची धडपड करावी लागत नाही आणि लक्ष बारीक गोष्टीकडे जाते. पाठ भिंतीला लावून उभे राहिले तरी आपले डोके भिंतीच्या किती पुढे राहते, याचा पुरावा आरशाशिवाय मिळतो.

आरशाबद्दल इथेच सांगितलेले बरे. शरीरभानाच्या सरावात आरसा झाकावा. आरशात अंग बाहेरून दिसते, आणि डोळ्यांची बातमी इतकी ठसठशीत असते की सांध्यांची कुजबुज तिच्यापुढे ऐकू येत नाही. मोबाइलवर चित्रण करायचे असेल तर आठवड्यातून एकदा करावे आणि ते लगेच पाहू नये.

झोपून झाले की सांधे नेमके कुठे आहेत ते शोधावे. बहुतेकांच्या मनातला शरीराचा नकाशा चुकलेला असतो. मान म्हणजे कॉलरच्या वरचा भाग असे समजून लोक तिथून डोके हलवतात. प्रत्यक्षात कवटी मणक्यावर टेकते ती साधारण दोन्ही कानांच्या मधोमध. कानांशी बोटे धरून त्या दोन बोटांमधल्या दांडीवर डोके झुलते आहे अशा बेताने ‘हो’ म्हणायला डोलवून पाहावे. हालचाल लगेच हलकी होते. डोक्याचे वजन चार-पाच किलो असते, त्यामुळे हा फरक लहान नाही. खुब्याचेही तसेच. कंबर म्हटले की हात बाजूच्या हाडांवर जातात, पण मांडीचे हाड बसते ते जांघेच्या घडीच्या आत, खोलवर. बोटे त्या घडीत ठेवून, पाठ लांब राखून तिथून वाकावे. पाचगणीहून भिलारच्या रस्त्याला स्ट्रॉबेरीचे गादीवाफे लागतात. काळ्या मल्चिंग पेपरवरची फळे तोडणाऱ्या बायकांकडे हंगामात लांबूनच जरा लक्ष देऊन पाहावे. ज्यांना हे काम सरावाचे झाले आहे त्या खुब्यातून वाकतात आणि पाठ गोल करत नाहीत. नव्याने कामाला आलेली मुलगी कंबरेतून वाकते आणि थोड्या थोड्या वेळाने उभी राहून पाठ दाबते. वर्गातल्या सांगाड्याच्या चित्रापेक्षा हा धडा लवकर समजतो.

पुढची पायरी म्हणजे नुसते उभे राहणे. पावले खुब्याइतक्या अंतरावर ठेवावीत. टाच, अंगठ्याचे मूळ आणि करंगळीचे मूळ या तीन जागांवर भार कसा वाटला गेला आहे ते पाहावे. मग डोळे मिटावेत. पाच-सात श्वासांतच लक्षात येते की शरीर स्थिर नाही. ते पुढे-मागे किंचित झुलते आहे आणि घोट्यांचे स्नायू त्याला क्षणाक्षणाला सावरत आहेत. हे झुलणे थांबवू नये आणि वाढवूही नये. अमेरिकन नर्तक स्टीव्ह पॅक्स्टन यांनी या उभ्या राहण्यालाच लहानसे नृत्य मानले आणि त्याचा रोजचा सराव ठरवून दिला. ज्याला काही न करता पाच मिनिटे उभे राहता येत नाही, त्याने उत्स्फूर्त नृत्याची घाई करू नये, हे म्हणणे कडक वाटले तरी खरे आहे. कंटाळा येतो तेव्हा तो नेमका अंगात कुठे येतो, जबड्यात, हाताच्या बोटांत की गुडघ्यात, हे शोधावे.

चालण्याचा सराव पठारावर करावा. आधी नेहमीच्या वेगाने, मग निम्म्या, मग त्याच्याही निम्म्या. वेग घटला की तोल कुठे हातातून निसटतो ते कळते. बहुधा मागचा पाय उचलताना. वारा तोंडावर घेऊन आणि पाठीवर घेऊन चालण्यातला फरक पाहावा. दोघांनी मिळून करायचे तर एकाने डोळे मिटावेत आणि दुसऱ्याने कोपराला हलका हात लावून त्याला पठाराच्या मध्यभागी फिरवावे.

शरीरभानाचा असा चार-पाच दिवसांचा पाया झाला की उपजेकडे वळावे. इथे एक गोष्ट ठामपणे धरून चालावी लागते : मोकळीक दिली की माणूस सवयीकडे जातो, बंधन घातले की शोधायला लागतो. आपल्याकडच्या कलांना हे फार आधीपासून ठाऊक आहे. त्यासाठी पाचगणीहून लांब जायचीही गरज नाही. पसरणीचा घाट उतरला की वाई, आणि यमुनाबाई वाईकर (१९१५–२०१८) या वाईच्याच. त्यांना २०१२ मध्ये पद्मश्री मिळाली. बैठकीची लावणी त्यांनी आयुष्यभर गायिली आणि तिची अदाकारी केली. या प्रकारात कलावंतीण बसलेली असते. पाय गेले, फिरण्याची जागा गेली, समूह गेला. उरले डोळे, भुवया, मान, खांदे, हात आणि पदराचे टोक. ती लावणीची एकच ओळ पुन्हा पुन्हा घेते आणि प्रत्येक वेळी तिचा वेगळा अर्थ अंगातून काढते : एकदा रुसवा, एकदा आर्जव, एकदा थट्टा. शब्द तेच, चाल तीच. पहिल्या तीन-चार अदा कुणालाही सुचतात. खरी उपज त्या संपल्यावर सुरू होते.

नवशिक्यांसाठी याचा सराव असा बसवता येतो. खुर्चीवर किंवा मांडी घालून बसावे. रोजच्या बोलण्यातले एक साधे वाक्य घ्यावे, ‘आता निघायला हवं’ असे काहीही. ते दहा वेळा म्हणावे आणि दर खेपेला शरीराचा एकच भाग हलवावा. पहिल्या खेपेला फक्त डावा खांदा, दुसऱ्या खेपेला फक्त नजर, तिसऱ्या खेपेला फक्त श्वास. सातव्या-आठव्या खेपेला डोके रिकामे होते. तिथे थांबू नये, घाबरूही नये. त्या रिकाम्या जागी अंग जे करते ते बहुधा आधी ठरवलेले नसते. पाहणाऱ्यांनी हसू नये, टाळ्याही वाजवू नयेत. दाद मिळाली की माणूस तीच गोष्ट पुन्हा करतो.

दुसरे बंधन वेळेचे. कथकात मंचप्रवेशानंतर नर्तक नगम्यावर, म्हणजे ताल धरून फिरणाऱ्या सुरावटीवर, जी छोटी-छोटी पदन्यासाची वळणे आयत्या वेळी गुंफतो, ती उपज. त्रितालाच्या सोळा मात्रांत कुठेही भटकावे, पण समेवर, म्हणजे पहिल्या मात्रेवर, यावे लागते. पुण्यात १९४७ मध्ये नृत्यभारती स्थापन करणाऱ्या रोहिणी भाटे यांच्यासारख्या गुरूंमुळे ही शिस्त महाराष्ट्रात रुजली. कथक न शिकलेल्यांनाही तिचा उपयोग करता येतो. एकाने हाताने सोळा मात्रा धराव्यात आणि दुसऱ्याने त्यात काय हवे ते करावे, मात्र पहिल्या मात्रेला ठरलेल्या जागी, ठरलेल्या पवित्र्यात उभे असावे. सुरुवातीला लोक बाराव्या मात्रेलाच परतून वाट पाहत उभे राहतात. हळूहळू उशिरा परतण्याचे धाडस येते. नेमके किती उशिरा निघाले तरी पोहोचता येते, हे अंगाला कळू लागते, आणि हे कळणे म्हणजे शरीरभानच.

समूहाची उपज शिकायची तर सातारा आणि सांगली जिल्ह्यांच्या दुष्काळी पट्ट्यात धनगर समाजाचे गजीनृत्य पाहावे. ढोल-कैताळाचा गजर, डोक्याला फेटे, हातात रंगीत रुमाल, गोल रिंगण. ठेका बदलला की पावले बदलतात, आणि तो बदल रिंगणभर पसरतो तो सूचनेने नव्हे, शेजाऱ्याच्या अंगाकडे असलेल्या तिरप्या लक्षाने. लेझीम याच्या उलट टोकाला आहे. १९८२ च्या दिल्लीतील आशियाई स्पर्धेच्या उद्घाटनात सांगली जिल्ह्यातील लेझीमपथकाने प्रयोग केला होता. एवढ्या मोठ्या समूहाला एकसाथ हलवायचे तर हात, वाकणे, पावले सगळे आधी बसवलेलेच असावे लागते. शिबिरात दोन्हींचा उपयोग होतो. सकाळी अंग जागे करायला आणि ताल एकत्र आणायला लेझीम चांगली. दुपारी रिंगण करून, कुणीही पुढारी न ठरवता, एका हालचालीत बदल घडू द्यावा. बदल कुणी सुरू केला हे शेवटी कुणालाच सांगता आले नाही, तर सराव जमला असे समजावे.

जोडीने करायच्या सरावात स्पर्श येतो आणि तिथे जास्त काळजी लागते. १९७२ मध्ये अमेरिकेत पॅक्स्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोघांचा भार एकमेकांवर सोपवून नाचण्याचा एक प्रकार पुढे आणला. त्यात पॅक्स्टन यांच्या जिम्नॅस्टिक्सच्या आणि आयकिडोच्या अनुभवाचा वाटा होता. ज्यांनी तालमीत पाऊल टाकले आहे त्यांना ही भाषा परकी वाटू नये. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव, १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमधील कुस्तीचे कांस्यपदकविजेते, याच सातारा जिल्ह्याचे. कुस्तीत सलामीनंतर खडाखडी होते. पैलवान एकमेकांच्या मानेवर, मनगटावर हात ठेवून समोरच्याचा भार कुठे आहे, तो कधी हलणार आहे, हे अजमावतात. नजर फार काही सांगत नाही, तळहात सांगतो. नृत्यात हे अजमावणे तसेच ठेवावे आणि चीतपट करण्याचा हेतू काढून टाकावा. तळहाताला तळहात लावून सुरुवात करावी, मग पाठीला पाठ, मग थोडा भार. कुठे हात लावलेला चालेल आणि कुठे नाही, हे सुरू करण्याआधी दोघांनी तोंडाने बोलून घ्यावे. ‘नको’ म्हटले की कारण विचारू नये. जो शिक्षक हा संकोच म्हणजे कलेतला अडथळा आहे असे सांगतो, त्याचा वर्ग सोडावा.

काहींनी आधी डॉक्टरांना विचारूनच सराव करावा. मानेच्या मणक्याचा त्रास असलेल्यांनी डोके लोंबकळू देऊ नये. कूस बदलली की चक्कर येणाऱ्यांनी जमिनीवर लोळण्याचे प्रकार टाळावेत. गरोदर स्त्रियांनी आणि नुकतीच शस्त्रक्रिया झालेल्यांनी भार देण्या-घेण्याच्या सरावात उतरू नये. आणखी एक गोष्ट कमी बोलली जाते. शांत पडून शरीराकडे लक्ष दिले की कधी कधी जुना धक्का वर येतो, रडू येते, छातीत धडधड होते. अशा वेळी डोळे उघडावेत, उठून बसावे, खोलीतल्या वस्तूंकडे पाहावे, कुणाशी तरी बोलावे. सराव नेटाने पुढे रेटू नये.

नृत्याचा वर्ग आणि नृत्योपचार यांची गल्लत करू नये. उपचार म्हणून हालचालींचा वापर करणाऱ्यांचे स्वतंत्र शिक्षण असते. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेने त्यासाठी अभ्यासक्रम चालवला आहे. पुण्यात हृषीकेश पवार यांनी पार्किन्सन्सच्या रुग्णांसाठी घेतलेले नृत्याचे वर्ग बरेच परिचित आहेत. अशा वर्गात लयीच्या आधाराने पाऊल टाकणे सोपे जाते, पण त्याने आजार बरा होतो असा दावा कुणी करत असेल तर सावध राहावे. शिबिर निवडताना शिक्षकाचे स्वतःचे नृत्य पाहण्यापेक्षा त्याचा एखादा वर्ग कडेला बसून पाहावा. तो किती बोलतो, थकलेल्याला बसू देतो का, सगळ्यांचे अंग एकाच साच्यात ओढतो का, हे तासाभरात कळते.

घरी परतल्यावर सराव टिकवायला मोठी जागा लागत नाही. सकाळी दहा मिनिटे झोपून, पाच मिनिटे उभे राहून आणि एकच बंधन घेऊन पाच मिनिटे उपज, एवढे पुरते. बंधन आठवडाभर तेच ठेवावे. वहीत रोज दोन ओळी लिहाव्यात, पण ‘छान वाटले’ असे लिहू नये. ‘उजवी टाच उशिरा टेकते’, ‘श्वास धरून कोपर उचलले जाते’ अशी नोंद पुढच्या महिन्यात कामी येते. पावसाळ्यात पाचगणीला जायचे असेल तर सगळा सराव छताखाली धरूनच बेत आखावा. महाबळेश्वरच्या मानाने पाऊस इथे पुष्कळ कमी असला तरी जून ते सप्टेंबर पठार धुक्यात असते, जांभ्यावर शेवाळ धरते आणि पाय घसरतो. त्या दिवसांत कातळाच्या खळग्यांत उगवणारी बारीक झाडे-फुलेही पायदळी जातात, म्हणून दिवाळीनंतरची तारीख घेतलेली बरी.